‘स्मोंग’ म्हणताच गाव टेकडीवर

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी आठच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेचं सिमुलुए बेट हादरू लागलं आणि मिनिटांमागून मिनिटं हादरतच राहिलं. भूकंपाचं केंद्र बेटापासून जेमतेम ४० किलोमीटरवर होतं. उत्तर टोकाच्या लांगी गावात पहिली लाट पोचायला आठेक मिनिटं लागली. गाव वाहून गेलं, घरांचे चौथरे तेवढे उरले. माणूस मात्र एकही दगावला नाही. सुमारे ७८ हजार वस्तीच्या अख्ख्या बेटावर ७ जण गेले. समोरच्या, आचेच्या मुख्य किनाऱ्यावर दीड लाखाहून अधिक.

सिमुलुएत त्या दिवशी ना भोंगा वाजला, ना कुणाला फोन आला. लोकांपाशी होता एक शब्द: स्मोंग, म्हणजे त्सुनामी.

त्याची मुळं जानेवारी १९०७च्या भूकंपात आहेत. तेव्हाही जमीन हलली, समुद्र मागे सरला, उघड्या पडलेल्या वाळूत मासे तडफडू लागले. ते वेचायला उतरलेल्यांना परतणाऱ्या लाटेनं गिळलं. वाचलेल्यांनी ही हकीकत पोराबाळांना सांगितली, त्यांनी पुढच्यांना. बेटावर अशा सांगीव गोष्टींना ‘नाफी-नाफी’ म्हणतात. ‘नांदोंग’ या गाण्यांतूनही ती आठवण फिरत राहिली. जोराचा भूकंप झाला, पाठोपाठ पाणी ओसरलं, तर काहीही न उचलता उंचावर पळायचं. एवढंच सांगणं, पण ते ९७ वर्षं टिकलं. २००४मध्ये ‘स्मोंग’ अशी हाक उठली, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढे तीनच महिन्यांनी, २८ मार्च २००५च्या रात्री, ८.६ तीव्रतेच्या भूकंपानं बेट पुन्हा हादरलं आणि लोक पुन्हा टेकड्यांवर गेले.

पारंपरिक ज्ञान म्हटलं की आपल्याला आधी टिटवीची अंडी आठवतात, कावळ्याचं घरटं आठवतं. पावसाच्या त्या ठोकताळ्यांची जागा वेगळी. स्मोंगमध्ये शकुन पाहणं नाही. प्रत्यक्ष भोगलेल्या संकटाची ती आठवण आहे आणि तिच्या पोटातच हुकूम आहे. त्यामुळेच ती सहा वर्षांच्या मुलालाही वापरता येते.

त्या दिवशी असं शहाणपण आणखी काही ठिकाणी कामी आलं. थायलंडच्या सुरीन बेटांवरच्या मोकेन या दर्यावर्दी लोकांकडे माणसं गिळणाऱ्या लाटेची, ‘लाबून’ची, दंतकथा होती. समुद्र विचित्र वागताना पाहून त्यांची जाणती माणसं सावध झाली. वस्ती उद्ध्वस्त झाली, पण जवळपास सगळे वाचले. आपल्या लिटल अंदमानमधले ओंगीही वेळीच उंचावर गेले. निकोबारच्या सखल किनाऱ्यावर मात्र हजारो माणसं गमावली.

शब्द असूनही तो विसरला गेला, तर काय होतं? सुलावेसी बेटावरच्या पालू शहराकडे पाहावं. तिथल्या कायली भाषेत ‘बोंबातालू’ म्हणजे तीन लाटा आणि ‘नालोडो’ म्हणजे चिखलात गाडलं जाणं. या मातीचा स्वभाव दोन शब्दांत सांगून ठेवलेला होता. शहर वाढलं, नवी वस्ती आली, शब्द म्हाताऱ्यांपाशी राहिले. २८ सप्टेंबर २०१८ला भूकंपामागोमाग काही मिनिटांतच लाटा आल्या आणि पेटोबो, बालारोआ हे भाग पातळ झालेल्या जमिनीत गाडले गेले. चार हजारांहून अधिक माणसं गेली.

तरीही केवळ आठवणीवर विसंबून चालणार नाही. त्याच वर्षी २२ डिसेंबरच्या रात्री अनाक क्राकाताउ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला. किनाऱ्यावर सावध करणारा भूकंप जाणवलाच नाही आणि लाटेनं चारशेहून अधिक बळी घेतले. जमीन हलली नाही, तर स्मोंग हाक तरी कशी देणार?

आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे मकरानच्या समुद्रात भूकंप झाला आणि काही तासांनी लाटा मुंबईपर्यंत पोचल्या. एवढ्या लांबून येणाऱ्या लाटेची खबर यंत्रंच देऊ शकतात. हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेत २००७पासून त्सुनामी इशारा केंद्र चालतं, ते त्याचसाठी. पण इशारा मोबाइलवर आला, तरी पाय उचलायचे असतात गावानंच. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांनी त्याची तयारी केली. २०२०मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगानं त्यांना ‘त्सुनामीसज्ज’ म्हणून मान्यता दिली.

‘त्सुनामी’ हा शब्द आपण जपान्यांकडून घेतला. पण उधाणाची भरती कोणती आणि भांगाची कोणती, हे कोळीवाड्यातल्या पोराला तिथी पाहून कळतं. पाणी कधी ओसरायचं हे ज्याला पाठ आहे, त्याला ते अवेळी ओसरलेलंही सगळ्यांआधी कळेल. दर वेळी लाटेआधी पाणी ओसरतंच असं नाही, म्हणून यंत्राचा इशारा हवाच. पण ‘अवेळी ओहोटी दिसली की मासे वेचू नका, टेकडी गाठा’ एवढं वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक कोळीवाड्यात आजच सांगायला घ्यावं. त्याला ना निधी लागतो, ना मंजुरी.