गर्भातील सूत्रधार

आंब्याच्या कलमाची रीत कोकणात सर्वांस ठाऊक आहे. रायवळ कोयीपासून उगवलेल्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. काही दिवसांनी दोहोंचा जीव एक होतो. तरी खुंट खुंटच राहतो आणि काडीला फळ येते ते हापूसचेच. काडीने खुंटाला आपला स्वभाव बदलावयास लावले, असे कधी घडत नाही. प्राण्याच्या गर्भावर असेच कलम केले तर काय होईल? १९२१ सालच्या वसंतात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने ते करून पाहिले. तेथे जे दिसले ते माळ्याच्या अनुभवाच्या अगदी उलट होते. काडीने खुंटाला कामास लावले होते.

ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी हा खटाटोप चालला होता तो प्रश्न बराच जुना. प्रत्येक प्राण्याचा आरंभ एकाच पेशीपासून होतो. तिच्या दोन होतात, दोहोंच्या चार, चारांच्या आठ. आणि या एकसारख्या दिसणाऱ्या पेशींपैकी कोणी त्वचेत जाऊन बसते, कोणी मेंदूत, कोणी आतड्याच्या अस्तरात. ही वाटणी कोण करतो? पेशी आपला ललाटलेख जन्मतःच घेऊन येते, की शेजार पाहून आपले काम ठरविते? विल्हेल्म रू यांनी १८८८ मध्ये बेडकाच्या अंड्यातील पहिल्या दोन पेशींपैकी एक तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच गर्भ तयार झाला. निकाल ललाटलेखाच्या बाजूने लागला असे वाटले. परंतु तीनच वर्षांनी हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यातील दोन पेशी हलवून एकमेकींपासून सुट्या केल्या, तो प्रत्येकीपासून लहानसा पण संपूर्ण जीव निर्माण झाला! रू यांच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला तशीच चिकटून राहिली होती व तिच्या सान्निध्याने जिवंत पेशीची फसगत झाली होती, हे पुढे उमगले. म्हणजे शेजार महत्त्वाचा होता तर. पण शेजाऱ्याने नेमके काय केले, हे मात्र अंधारातच राहिले.

या अंधारात हान्स स्पेमान यांनी दिवा नेला. त्यांनी प्रयोगासाठी निवडलेला न्यूट हा प्राणी दिसावयास सरड्यासारखा, पण कुळाने बेडकाचा भाऊबंद. अंडी पाण्यात घालणारा. स्पेमान यांची हत्यारे त्यांनी स्वतःच घडविलेली होती. काचेची कांडी ज्योतीवर ओढून केलेल्या केसाहून बारीक सुया, आणि तान्ह्या मुलाच्या मऊ केसाचा फास. या सामग्रीच्या बळावर मोहरीच्या दाण्याएवढ्या गर्भाचे तुकडे कापून ते दुसरीकडे बसविण्याची कला त्यांनी साध्य केली. त्यांना असे आढळले की, गर्भ अगदी कोवळा असताना त्वचा होऊ घातलेला तुकडा मेंदूच्या जागी ठेवला तर तो निमूटपणे मेंदू होतो. पेशी जेथे जाईल तेथली होते. फक्त एका जागेचे वर्तन निराळे होते. गर्भाचा गोळा एका बाजूस आत वळू लागतो, जणू रबरी चेंडूवर बोट दाबावे तसा. तेथे एक चीर पडते व तिच्या वरच्या ओठावरून पेशी आत सरकू लागतात. त्या ओठाचा तुकडा दुसरीकडे लावला की तेथे पाठकण्याच्या व मेंदूच्या नव्या मांडणीची चिन्हे दिसू लागत.

येथे एक अडचण होती. ही नवी मांडणी तुकड्याने स्वतःच्या पेशींतून उभी केली, की भोवतालच्या पेशींकडून करवून घेतली? दोन्ही गर्भ एकाच रंगाचे असल्यामुळे कोणती पेशी कोणाची हे सांगता येईना. गवंडी कोण आणि विटा कोणाच्या, हे कळावयाचे तर विटांना रंग हवा. न्यूटच्या दोन जाती ही गरज भागवितात. एकीच्या गर्भात काळसर रंगद्रव्य भरपूर असते, दुसरीचा गर्भ जवळजवळ पांढरा असतो. पांढऱ्याचा तुकडा काळ्यावर लावला की पुढे कितीही उलथापालथ झाली तरी प्रत्येक पेशी आपले कूळ स्वतःच सांगेल.

हे काम स्पेमान यांनी हिल्डे प्रोशोल्ट यांजकडे सोपविले. हिल्डेबाई मूळच्या गोथा गावच्या, जन्म १८९८ चा. फ्रांकफुर्टला स्पेमान यांचे व्याख्यान ऐकून त्या १९२० मध्ये फ्रायबुर्गला आल्या. प्रथम त्यांना निराळाच विषय दिला गेला होता. हायड्रा हा गोड्या पाण्यातील एक चिमुकला, नळीसारखा जीव. अठराव्या शतकात आब्राहाम ट्रेंब्ली यांनी तो मोजा उलटावा तसा उलटून दाखविला होता. तो प्रयोग पुन्हा करून त्या उलटलेल्या पेशींचे काय होते हे पाहावयाचे होते. हिल्डेबाईंनी बरीच खटपट केली, परंतु हायड्रा काही उलटेना. त्यांनी दुसरा विषय मागितला आणि त्यांच्या वाट्यास न्यूट आला. पदवीसाठी विषय बदलून मागणाऱ्या विद्यार्थ्यांकडे गुरुजन सहसा कौतुकाने पाहत नाहीत; येथे मात्र सारे शास्त्रच त्या मागणीचे ऋणी झाले.

शस्त्रक्रिया कशी करीत ते ऐकण्यासारखे आहे. बशीच्या तळाशी मेण ओतून त्यात गर्भ बसेल एवढा खळगा करावयाचा. अंड्यावरील चिकट वेष्टने सोलून गर्भ उघडा करावयाचा. यातच पुष्कळ गर्भ फुटत. मग दुर्बिणीखाली पांढऱ्या गर्भाच्या चिरेवरील ओठाचा तुकडा सुईने कापून घ्यावयाचा, आणि काळ्या गर्भाच्या पोटाकडील बाजूस, जेथे एरवी साधी कातडी व्हावयाची, तेथे तो बसवून काचेच्या इवल्याशा पुलाने काही वेळ दाबून धरावयाचा. सारे निर्विघ्न पार पडले तरी जंतूंचा धोका उरेच. पेनिसिलिन त्या वेळी नव्हते, आणि उघड्या गर्भास मानवेल असे क्षारयुक्त पाणीही १९३० नंतरच तयार झाले. न्यूट अंडी घालतो तीही वसंतातच, म्हणजे चुकलेला हंगाम भरून काढावयाचा तर वर्षभर थांबणे आले. १९२१ आणि १९२२ असे दोन हंगाम हे काम चालले. बहुतेक गर्भ मेले. (ज्यांच्या मनात प्राण्यांच्या यातनांचा विचार येईल त्यांच्यासाठी एवढेच की, या अवस्थेतील गर्भात एकही मज्जापेशी अद्याप जन्मलेली नसते.) शेवटी निबंधात सविस्तर वर्णन करण्याजोगे उरले ते सहा.

पण ते सहा पुरेसे बोलके ठरले. काळ्या गर्भाच्या कुशीवर दुसराच गर्भ उगवला होता. एकाच देहावर जणू जुळे भावंड. ते मेणात गोठवून, पापुद्र्यासारखे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा विटांचा हिशेब लागला. पुढे जिच्याभोवती कणा रचला जातो ती पृष्ठरज्जू मुख्यतः पांढऱ्या पेशींची, म्हणजे पाहुण्याची होती. तिच्या दोहो बाजूंच्या स्नायूंच्या गाठी काही काळ्या, काही पांढऱ्या. आणि ज्या नळीपासून मेंदू व मज्जारज्जू होतो ती बव्हंशी काळी, यजमानाची! पोटाची कातडी होणे ज्या पेशींच्या नशिबी होते, त्यांनी शेजारी आलेल्या परक्या जातीच्या पाहुण्याच्या सांगण्यावरून मेंदूची उभारणी केली होती, आणि तीही बरोबर ठिकाणी, योग्य प्रमाणात. पाहुण्याने विटा थोड्याच आणल्या. कामकाज सारे त्याने चालविले. स्पेमान यांनी त्या ओठास ‘संघटक’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द त्यास अधिक शोभला असता.

हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्यावर पहिले नाव स्पेमान यांचे होते, दुसरे हिल्डे मांगोल्ड यांचे. दरम्यान त्यांचा विवाह स्पेमान यांचेच साहाय्यक ओटो मांगोल्ड यांच्याशी झाला होता. त्याच प्रयोगशाळेतील इतर विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावाने छापले जात. आपल्याच बाबतीत निराळा न्याय का, हे हिल्डेबाईंना रुचले नाही, असे त्यांचे सहाध्यायी व्हिक्टर हाम्बुर्गर यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. कल्पना स्पेमान यांची होती आणि तिच्यामागे त्यांचा वीस वर्षांचा व्यासंग होता, हे खरे. पण दोन वसंत सुईवर नजर रोखून बसलेले डोळे त्यांचे नव्हते. पहिल्या नावाचा आग्रह त्यांनी धरला नसता तर त्यांची थोरवी तिळमात्र उणी झाली नसती.

त्याच वर्षी सप्टेंबरात हिल्डेबाईंच्या स्वयंपाकघरात शेगडीचा स्फोट झाला आणि भाजलेल्या जखमांनी त्यांचा अंत झाला. वयाची सव्वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे वर्षाच्या आतले मूल होते. १९३५ मध्ये सूत्रधाराच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते एकट्या स्पेमान यांस.

सूत्रधार नेमका काय सांगतो, हे कळावयास मात्र आणखी बराच काळ लागला. १९३२ साली असे दिसले की, उष्णतेने किंवा अल्कोहोलाने मारलेला ओठाचा तुकडासुद्धा आपले काम करतो. म्हणजे काम एखाद्या रासायनिक द्रव्याचे असणार. मग त्या द्रव्याच्या शोधासाठी जी धावपळ झाली तिने शास्त्रज्ञांची पुरेवाट केली. कारण इतर प्राण्यांच्या अवयवांचे तुकडे, इतकेच काय पण मेथिलिन ब्लू नावाचा रंगसुद्धा न्यूटच्या पेशींना मज्जेकडे वळवू लागला. ज्याने त्याने हाक मारावी आणि पेशीने ओ द्यावी, असा प्रकार! खरे द्रव्य कोणते हे ठरेना, आणि अनेक वर्षे हा विषय मागे पडला.

उकल १९९० नंतर झाली, ती आफ्रिकेतील झेनोपस या बेडकाच्या गर्भात. सूत्रधार पेशींतून पाझरणारी प्रथिने हाती आली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘नॉगिन’, १९९४ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘कॉर्डिन’. त्यांची कार्यपद्धती मोठी चमत्कारिक निघाली. ती पेशीला ‘मज्जा हो’ असा आदेश देतच नाहीत. कोवळ्या गर्भातील पेशी ‘बीएमपी’ नामक प्रथिनाच्या द्वारे एकमेकींना सतत ‘कातडी हो’ असे बजावीत असतात. नॉगिन व कॉर्डिन हे त्या बीएमपीला वाटेतच गाठून मिठी मारतात आणि निरोप पोहोचू देत नाहीत. ज्या पेशीस तो निरोप मिळत नाही ती आपल्या मूळ प्रवृत्तीनुसार मज्जेच्या मार्गास लागते. मेथिलिन ब्लूसारख्या परक्या पदार्थांनीही तिला त्या मार्गास कसे लावले असेल, याचा उलगडा या दृष्टीने पाहिल्यास होऊ लागतो. तिला शिकवावे लागत नव्हते. नुसते मोकळे सोडले तरी पुरत होते.

मनुष्याच्या गर्भातही हाच सूत्रधार असतो काय? गर्भधारणेनंतर चौदा दिवसांपलीकडे मानवी गर्भ प्रयोगशाळेत वाढविणे इंग्लंडसारख्या देशांत कायद्याने निषिद्ध आहे, आणि सूत्रधार प्रकट होतो तो त्याच सुमारास. म्हणून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात २०१८ साली मानवी मूलपेशींपासून तशा पेशी निर्माण करून त्यांचे कलम कोंबडीच्या गर्भावर केले गेले. कोंबडीच्या पेशींनी मानवी सूत्रधाराचे ऐकले, आणि दुसऱ्या मज्जेची मांडणी सुरू झाली.

न उलटणाऱ्या त्या हायड्राची गोष्ट येथे राहून गेली. हिल्डेबाईंच्या प्रयोगाच्या बारा वर्षे आधी, १९०९ मध्ये, एथेल ब्राउन या अमेरिकन विद्यार्थिनीने हायड्राच्या मुखाजवळचा कण दुसऱ्या हायड्राच्या कुशीत बसविला, तेव्हा तेथे नवे डोके व नवी नळी उगवली. रंगाची युक्तीही तिने योजली होती. एक हायड्रा हिरवा, दुसरा पांढरा. तिच्या निबंधाची दखल फारशी कोणी घेतली नाही. पुढे २०१० साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह याच हायड्रात नॉगिनचे जनुक असल्याचे प्रसिद्ध केले. मेंदू नाही, कणा नाही, अशा त्या जीवाच्या जनुकाचा संदेश त्यांनी झेनोपस बेडकाच्या गर्भात सुईने सोडला, आणि बेडकाच्या गर्भात दुसरा आस उद्भवू लागला.