मोटर जोडताच टायमर का बिघडतो?

लहान पंप किंवा पंख्याची मोटर ठरावीक काळ चालवून आपोआप बंद करण्यासाठी हौशी मंडळी बहुधा ५५५ ही आयसी वापरतात. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी तिची रचना केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. विद्युतभार साठवणारा कपॅसिटर रेझिस्टरमधून हळूहळू भरत जातो आणि त्याचा दाब पुरवठ्याच्या दोन-तृतीयांशावर पोहोचताच ही आयसी आउटपुट बंद करते. हा काळ रोध आणि धारकता यांच्या गुणाकाराच्या १.१ पट असल्यामुळे १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांच्या जोडीतून सुमारे ११ सेकंद मिळतात.

मंडल चालेनासे झाले की संशय प्रथम आयसीवर जातो. परंतु दोष नेमका कोणत्या भागात आहे हे ठरवण्यासाठी मोटरचा भाग सोडवून आउटपुटला रेझिस्टरसह एलईडी जोडणे हीच पहिली चाचणी असावी. एलईडीसुद्धा वेळेवर विझत नसेल, तर रीसेटची ४ क्रमांकाची पिन धन टोकाला जोडलेली आहे का आणि ट्रिगरच्या २ क्रमांकाच्या पिनवरील दाब बटण सोडल्यावर पुन्हा वर जातो का, हे मल्टिमीटरने पाहावे. कारण बटण ठरलेल्या काळापेक्षा अधिक वेळ दाबून ठेवल्यास आउटपुट चालूच राहते. मोठ्या रेझिस्टरसोबत गळका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरला असेल, तर भरणीचा क्षीण प्रवाह गळतीतच संपतो आणि वेळ कधीच पूर्ण होत नाही.

एलईडी बिनचूक चालत असेल, तर दोष मोटरच्या बाजूस शोधावा. आयसीची क्षमता फार तर २०० मिलिअँपिअर असते, तर मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून मध्ये पुरेशा क्षमतेचा ट्रान्झिस्टर हवा. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा दाब या ओढीने कोसळतो आणि तो ४.५ व्होल्टखाली गेल्यास आयसीचा भरवसा उरत नाही. मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीत उलट दाबाचा झटका निर्माण होतो, त्याला वाट देण्यासाठी मोटरला समांतर डायोड, पट्ट्याचे टोक धन बाजूस ठेवून, जोडावा लागतो. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट ट्रिगरपर्यंत पोहोचला की वेळ संपूनही मोटर पुन्हा सुरू होते. त्यावर मोटरच्या टोकांवर आणि आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांलगत प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तसेच ऋण टोक समाईक ठेवून मोटरसाठी स्वतंत्र पुरवठा, हे उपाय आहेत.

आयसी बदलणे हा या क्रमातील शेवटचा उपाय होय. डायोड आणि पुरवठा न तपासता बसवलेली नवी आयसीही जुन्या आयसीइतकीच बेभरवशाची ठरते.