अनोळखी रेणू, संदर्भांची मोजणी

वस्तुमान वर्णपटमापक अज्ञात रेणूचे वस्तुमान दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत सांगतो. समजा, आकडा आला १९४.०८०४. त्यावरून रेणुसूत्र काढता येते: कार्बन ८, हायड्रोजन १०, नायट्रोजन ४, ऑक्सिजन २. पण याच अणूंच्या वेगवेगळ्या मांडणीतून अनेक संयुगे बनतात. मग नमुन्यातले नेमके कोणते?

अमेरिकेतील ईस्टमन केमिकल कंपनीचे जेम्स लिटल आणि केमस्पायडर या डेटाबेसशी संबंधित अँटनी विल्यम्स यांनी सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये एक सुटसुटीत मार्ग मांडला. त्या सूत्राची उमेदवार संयुगे डेटाबेसमधील त्यांच्या संदर्भांच्या संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावायची. ज्याचा उल्लेख सर्वाधिक, ते नमुन्यात असण्याची शक्यताही अधिक. वरच्या सूत्राच्या अशा यादीत कॅफीन अग्रस्थानी येते.

हा क्रम म्हणजे पुरावा नव्हे. रेणूचे तुकडे कसे पडतात, शुद्ध नमुन्याशी तो जुळतो का, हे तपासावेच लागते.

पण डेटाबेसमध्ये संयुगाची नोंदच नसेल, तर मोजणी निरुपयोगी ठरते. वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांत कोहो सामन मासे मारणाऱ्या ६पीपीडी-क्विनोन या अशाच संयुगाची ओळख २०२० मध्ये जाहीर झाली. टायरमधील ६पीपीडी या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन ते बनते. दोघांच्या सूत्रांत २ ऑक्सिजन आणि २ हायड्रोजन अणूंचाच फरक आहे, हे ध्यानात आल्यावर कोडे उलगडले.