ट्रंकेतली पोथी

बिद्री म्हटले की लोकांना दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आठवतो. मला मात्र मामांची पत्र्याची ट्रंक आठवते. १९८५ च्या सुमारास मामा शेतीपंपांसाठी एक कार्ड बनवीत. तीन फेजांपैकी एक गेली की मोटार गुणगुणत राहते आणि जळते. हे कार्ड तिला वेळीच बंद करी.

गेल्या दिवाळीत एक शेतकरी तसले जुने कार्ड घेऊन आला. “मामा, अजून दोन करून द्या की!”

मामांनी ट्रंक उघडली. पारदर्शक कागदावर दुप्पट आकारात काळी टेप चिकटवायची, मग फोटो काढून निम्मे करायचे, अशी त्या काळची रीत. त्यातून झालेली फिल्म शाबूत होती. पण आता सर्किट छापणारे फिल्म घेत नाहीत, ‘गर्बर’ नावाची फाइल मागतात. व्हिएन्नात जन्मून अमेरिकेत गेलेल्या जोसेफ गर्बर यांच्या कंपनीचे हे नाव.

मामांचा इंजिनिअर नातू कामाला लागला. त्याने फिल्म स्कॅन केली. भोकांतले अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर. अशी चाळीस अंतरे १०१.६ भरायला हवीत, भरली १०१.२! फिल्म हवेच्या दमटपणाने, वयाने कमीजास्त होते, म्हणून त्याने आधी माप जुळवले. मग एकेक रेघ संगणकावर गिरवली, भोकांची वेगळी फाइल केली. धुळीचा एक ठिपका दोन रेघा जोडीत होता, तोही पुसला.

“काका, बघा, एक वाकडी वाट सरळसुद्धा केली!” तो मला म्हणाला.

मामांनी चष्मा लावला. “लेका, ती वाट मी मुद्दाम लांबनं नेलीया. पलीकडं चारशे पंधरा व्होल्ट हाईत! जवळ नेलीस तर ठिणगी पडंल.”

पोरगा गप्प झाला. मी मराठीचा प्राध्यापक. मला आठवले पैठणचे नाथमहाराज. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीतले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. नक्कलकाराने ठिपका पुसावा. वाट बदलण्याआधी मात्र कर्त्याला विचारावे.

नातवाने वाट पुन्हा वाकडी केली. नवी कार्डे आल्यावर जुन्याशी एकेक जोड मीटर लावून ताडून पाहिली. आज ती मोटार पाणी ओढते आहे.

ट्रंकेत अजून अकरा फिल्म आहेत. मामांचे वय एक्याऐंशी. नातू आता दर रविवारी बिद्रीला जातो; संगणकाबरोबर वहीही नेतो. कोणती वाट का वाकडी, हे फिल्मवर लिहिलेले नाही ना!