सफरचंदाला श्रीगोंद्याचं लिंबू

नगरच्या बाजारात सफरचंद येतं ते बहुतेक काश्मीर-हिमाचलातून. त्याला जोड द्यावी श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाची. घरच्या कॉकटेलचा सगळा जीव या जोडीत आहे. सफरचंद किसलं की पेशी फुटतात आणि हवा लागताच त्यातल्या विकरामुळे कीस तांबूस पडतो. लिंबाचं आम्ल या विकराला लगाम घालतं, म्हणून किसतानाच लिंबू पिळावं, नंतर नव्हे. दोन सफरचंदांचा कीस पातळ फडक्यातून घट्ट पिळला की साधारण पेलाभर रस निघतो. त्यात चमचाभर आल्याचा रस, कणभर मीठ, बर्फ. सोडा अगदी शेवटी, ग्लासच्या कडेने सोडावा, बुडबुडे टिकतात. मद्य हवंच तर रम जमते, पण मला हे पेय तिच्याशिवायच आवडतं. सफरचंदाचा वास झाकला जात नाही.