कचरा बुडण्याआधी

कल्याणचा दुर्गाडी किल्ला मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की कोन लागते. भिवंडी तालुक्यातली ही वस्ती आता नुसते गाव राहिलेली नाही. भिवंडी-कल्याण रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर धावतात, रांजनोली नाक्याकडे गोदामे पसरली आहेत, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग आणि आजूबाजूच्या शिवारात वीटभट्ट्या आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो पाचच्या मार्गावर कोनगाव हे स्थानकही ठरलेले आहे. ही वाट लक्षात घेऊनच या पट्ट्यात उंच गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्या माहितीपत्रकांत तरणतलाव आला. ताबा मिळून दोन पावसाळे सरले की सोसायटीच्या सभेत त्याचा विषय निघतो. पाणी गढूळ का दिसते, तळाशी काळा थर का साचतो, एवढे क्लोरीन टाकूनही हिरवट झाक का येते? चर्चा बहुधा दोनच उपायांवर येऊन थांबते : मोटर मोठी बसवा, नाहीतर औषध वाढवा. माझ्या मते दोन्ही उपाय चुकीच्या जागी आहेत. तलावात पडलेला कचरा पहिले काही तास पृष्ठभागावर असतो. तिथेच तो उचलला तर पुढचे सगळे सोपे होते. तो बुडू दिला की चांगल्यातला चांगला फिल्टरही त्याचे फारसे काही करू शकत नाही.

हे समजायला पाण्याचा रस्ता पाहावा लागतो. तलावाच्या कडेला पाण्याच्या पातळीवर एक चौकोनी तोंड असते, ते स्किमर. त्यात झुलती झडप आणि आत जाळीची बास्केट. मोठ्या सार्वजनिक तलावांत स्किमरऐवजी चारही कडांनी ओसंडून वाहणारी पन्हळ असते. तिथून आणि तळाच्या जाळीतून पाणी मोटर ओढते. मोटरच्या तोंडाशी केस-पाला अडवणारी आणखी एक बास्केट असते. मग पाणी वाळूच्या फिल्टरमधून जाते आणि भिंतीतल्या इनलेटमधून तलावात परतते. तलावातल्या एकूण पाण्याइतके पाणी फिल्टरमधून जायला लागणारा वेळ म्हणजे एक फेरा. सोसायटीच्या तलावाला तो सहा ते आठ तासांचा धरतात, लहान मुलांच्या उथळ तलावाला तासाभराच्या आत. गेज आणि बिडवेल या दोघांनी १९२६ साली या फेऱ्यांचे गणित मांडले, ते आजही वापरात आहे. पाणी नीट मिसळत असेल आणि नवी घाण पडत नसेल, तर एका फेऱ्यात सुमारे ६३ टक्के घाण निघते, दोनमध्ये ८६, तीनमध्ये ९५ आणि चारमध्ये ९८ टक्के. म्हणजे सगळे पाणी एकदा फिरले म्हणून सगळी घाण निघाली असे होत नाही. शिवाय हे गणित फक्त पाण्यात मिसळलेल्या कणांना लागू आहे. तळाला बसलेले पान किंवा मातीचा थर या हिशेबात येतच नाही, कारण तो फिल्टरपर्यंत पोहोचत नाही. मोटर चोवीस तास चालवली तरी तो तिथेच राहतो, कुजतो, शेवाळाला खाद्य पुरवतो आणि टाकलेले क्लोरीन संपवत राहतो.

आता कोनच्या हवेत काय असते ते जवळून पाहू. यंत्रमागांच्या भागातल्या वाऱ्यावर कापसाचे बारीक तंतू असतात. असा एक तंतू साधारण १० ते २० मायक्रॉन जाड, पण लांबीला दोन-तीन सेंटिमीटर भरतो. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असल्याने तो पाण्यावर पडल्या पडल्या भिजत नाही, तरंगतो. पोहणाऱ्यांच्या अंगावरचा साबण आणि क्रीम पाण्यात उतरले की तो भिजून खाली जाऊ लागतो. तोवर तो स्किमरने घेतला तर ठीक. बास्केटच्या भोकांतून निसटला तर वाळूवर जाऊन पडतो. तिथे असे हजारो तंतू एकमेकांत गुंतून नमद्यासारखा थर होतो. पाणी त्या थरातून जाण्याऐवजी त्याला बगल देऊन वाळूत वाट पाडते, आणि त्या वाटेने न गाळलेले पाणी तलावात परत येते. दुसरा नमुना गुलमोहराचा. संकुलाच्या बागेत शोभेसाठी लावलेल्या गुलमोहराची पानगळ म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या पर्णिकांचा पाऊस. बदामाचे पान बास्केटमध्ये अडकते, गुलमोहराची पर्णिका त्याच भोकातून सरळ पार होते. तिसरा भाग धुळीचा आणि भट्ट्यांच्या काजळीचा, त्यात काही कण मायक्रॉनच्या मापात मोजावे इतके बारीक.

यातल्या पहिल्या दोघांवरचा उपाय अगदी स्वस्त आहे. स्किमरच्या बास्केटवर बारीक नायलॉनच्या जाळीचा मोजा चढवायचा. तंतू, पर्णिका, कीटक, केस सगळे त्यात अडकते. याला देखभाल करणारी मुले हरकत घेतात ती खरी आहे : मोजा लवकर भरतो, मोटरला पाणी कमी पडते, ती हवा ओढते आणि तापते. त्यामुळे मोजा लावायचा तर तो रोज, पानगळीत दिवसातून दोनदा, बदलायलाच हवा. हे होणार नसेल तर मोटरच्या आधी मोठ्या आकाराची पालाजाळी बसवावी. खर्च जास्त, पण ती भरायला वेळ लागतो. मोजा लावून विसरणे मात्र न लावण्यापेक्षा वाईट.

स्किमर कुठल्या कडेला आहे यावरही बरेच अवलंबून असते, आणि बांधकामाच्या वेळी हा विचार क्वचितच होतो. आपल्या किनारपट्टीच्या मागच्या भागात दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याचा रोख पश्चिमेकडून, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून असतो. म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा बहुतेक वर्षभर पूर्वेच्या कडेला जाऊन लागतो. स्किमर तिथेच हवा. उंच इमारतींच्या मध्ये वारा वळतो, म्हणून चार दिवस दुपारी पाने कुठल्या कोपऱ्यात जमतात ते पाहून ठरवणे उत्तम. बांधून झालेल्या तलावात स्किमर हलवता येत नाही, पण इनलेटची तोंडे वळवता येतात. ती अशी फिरवावीत की पाण्याचा वरचा थर हळूहळू स्किमरकडे सरकेल. पातळीचेही तसेच. पाणी स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत असेल तेव्हाच झडप काम करते. जुलैतल्या एका जोरदार सरीने पातळी तोंडाच्या वर गेली की स्किमर केवळ एक भोक उरते, आणि कचरा तर त्या दिवसांतही पडतच असतो. ठरावीक पातळीवर जादा पाणी सोडणारी एक साधी नळी हे टाळते. काठाच्या फरशीचा उतार तलावाकडे असेल तर बागेतली मातीही पावसाबरोबर आत येते. तो उतार बाहेरच हवा.

पहिला आक्षेप क्लोरीनचा : जंतू मारायला औषध आहे, मग चार पाने बुडाली तर काय बिघडले? योग्य आम्लता राखून दर लिटरमागे एक मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असेल तर ई. कोलायसारखे जिवाणू मिनिटभरात मरतात. पण हे मोकळ्या क्लोरीनबद्दल झाले. पाला, घाम, तेल यांच्याशी लढण्यात जे खर्च झाले ते जंतूंसाठी उरत नाही. डोळे चुरचुरायला लावणारा, नाकात बसणारा तो तलावाचा वास जादा क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नत्रयुक्त घाणीशी क्लोरीनचा संयोग होऊन जी क्लोरामाइन बनतात त्यांचा तो वास असतो. वास येतो म्हणजे औषध भरपूर आहे, हा समज उलटा आहे. शिवाय काही जिवांना क्लोरीन पुरत नाही. जुलाब घडवणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमची चार ते सहा मायक्रॉनची बीजे याच एक मिलिग्रॅमच्या मात्रेत दहा दिवसांहून अधिक तग धरतात. ती काढण्याचे काम गाळण्यावरच येते.

दुसरा आक्षेप मोटरचा. इथे थोडा हिशेब करू. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ८६,४०० लिटर पाणी मावते. सहा तासांचा फेरा धरला तर तासाला १४,४०० लिटर गाळायचे. वाळूतून पाणी ताशी ३० मीटर वेगाने न्यायचे तर सुमारे अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, म्हणजे ८०० मिलिमीटर व्यासाची टाकी. याच टाकीवर दुप्पट प्रवाहाची मोटर जोडली तर वेग ताशी ६० मीटरच्या घरात जातो. अडकलेले कण त्या रेट्याने वाळूतून खाली ढकलले जातात आणि इनलेटमधून पुन्हा तलावात येतात. पाणी अधिक फिरते, गाळले कमी जाते. याउलट, प्रवाह निम्मा केला तर पंपाला लागणारी शक्ती तत्त्वतः एक अष्टमांश होते. वेळ दुप्पट द्यावा लागला तरी तेवढ्याच पाण्यामागे विजेचा खर्च चौथाईपर्यंत उतरू शकतो. पैसे घालायचे असतील तर मोठ्या टाकीत आणि वेग बदलणाऱ्या मोटरमध्ये घालावेत. एक मर्यादा मानायला हवी : प्रवाह फारच मंद केला तर स्किमरची ओढ संपते. म्हणून सकाळी आणि दुपारच्या वाऱ्यात काही तास पूर्ण वेग, बाकी वेळ मंद, अशी विभागणी बरी.

मग अधिक बारीक फिल्टर का घेऊ नये, असे कोणी विचारील. वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते, कार्ट्रिज दहा-पंधरापर्यंत, डायटमी माती तीन ते पाचपर्यंत. आकडे मोहात पाडतात. पण कोनसारख्या धुळीच्या जागी कार्ट्रिज वारंवार चोंदते, ती काढून धुणे हाताचे काम आहे आणि काही काळाने बदलावी लागते. वाळू इथे अधिक सोशिक. तिची कमतरता तुरटीने भरून निघते. बारीक कण तुरटीमुळे एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वाळूत अडकतात. फिल्टरच्या आधी अगदी थोडी मात्रा सतत देणे ही चांगली पद्धत. आपल्याकडे सर्रास रात्री तलावभर तुरटी फिरवतात आणि सकाळी तळ व्हॅक्युमने ओढतात. ते करताना फिल्टरचा व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी थेट बाहेर सोडणाऱ्या खुणेवर, असला पाहिजे. नाहीतर रात्रभर खाली बसवलेला गाळ वाळूवर जातो आणि त्यातला काही पुन्हा तलावात येतो.

बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुणे, याबद्दलही गैरसमज आहे. रोज बॅकवॉश केला की फिल्टर चांगला, असे नाही. किंचित मळलेली वाळू नव्या धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक गाळते. स्वच्छ असताना प्रेशर मीटर किती दाखवतो ते टाकीवरच रंगाने लिहून ठेवावे आणि त्यावर साधारण अर्धा ते पाऊण किलो चढला की बॅकवॉश घ्यावा. नंतर अर्धा-एक मिनिट ‘रिन्स’ करायला विसरू नये.

टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत कोणीतरी म्हणतेच की बॅकवॉशला इतके पाणी घालवण्यापेक्षा वर्षातून एकदा तलाव रिकामा करून धुऊन काढू. आधीच्या हिशेबातल्या फिल्टरच्या टाकीला ताशी ४० मीटर वेगाने पाच मिनिटे बॅकवॉश दिला तर सुमारे १,७०० लिटर पाणी जाते. दर आठवड्याला एक धरला तर वर्षाचे ८८,४०० लिटर. म्हणजे एकदा तलाव ओतून देणे आणि वर्षभर दर आठवड्याला बॅकवॉश घेणे यांना पाणी जवळपास सारखेच लागते, आणि पहिल्या उपायात नवे पाणी महिन्याभरात पुन्हा गढूळ होते. क्लोरीन उतरल्यावर बॅकवॉशचे पाणी निवळून बागेला किंवा फरशी धुवायला वापरता येते.

पूर्वी विहिरीत पोहताना कुठे होते फिल्टर, हाही युक्तिवाद ऐकू येतो. विहिरीला झऱ्यांचे नवे पाणी होते, मोटेने किंवा पंपाने जुने उपसले जात होते आणि पोहणारी पोरे मोजकी होती. सिमेंटच्या बंद टाकीत शेकडो कुटुंबांचे पोहणे ही वेगळी गोष्ट आहे. इथे पोहणारा स्वतःच कचऱ्याचा मोठा स्रोत असतो. डोक्याला तेल लावून उतरणाऱ्याचे तेल वाळूच्या कणांना चिकटून गोळे बनवते. सुती टी-शर्ट, बनियन पाण्यात तंतू सोडतात. ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावासारख्या सार्वजनिक तलावांवर नायलॉनचा पोशाख, टोपी आणि आधी शॉवर हे नियम असतात, त्यामागे शिस्तीइतकेच हे कारण आहे. सोसायटीत तोच आग्रह धरला की ‘आमच्याच तलावात आम्हाला कोण सांगणार’ असा सूर लागतो. तो सूर ऐकून न घेता नियम पाळायला लावणे समितीचे काम आहे.

या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा मुद्दा जिवाचा आहे. गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल जीवरक्षकाला दिसत नाही. खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी तलाव बंद ठेवावा, ही कसोटी कुठल्याही रसायनाच्या तपासणीआधीची. आणि तीच तळाची जाळी मोठ्या मोटरच्या ओढीने जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी स्पाच्या तळाच्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या नावाने २००७ साली कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना ओढीत अडकू न देणारी झाकणे सक्तीची झाली. पृष्ठभागावरून जास्त आणि तळातून कमी पाणी घेतले तर कचराही लवकर निघतो आणि ही ओढही कमी होते.

तरणतलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. देखभालीच्या करारात त्याचा उल्लेख बहुधा असतो, पण रोज काय करायचे ते लिहिलेले नसते. कोन, रांजनोली आणि कल्याणच्या सोसायट्यांना माझे सांगणे एवढेच की, पुढचा करार करताना त्यात रोज बास्केट रिकामी करणे, पाण्याची पातळी आणि प्रेशरची नोंद, आणि तळाची जाळी दिसते की नाही याची सकाळची पाहणी ही कामे नावानिशी घाला, आणि त्या नोंदवहीवर समितीतल्या कोणीतरी आठवड्यातून एकदा सही करावी. नवी मोटर घेण्याचा ठराव त्यानंतर तीन महिन्यांनी मांडा.