गांवची गस्त

खेळणा व पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेलें आमचें जाफराबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या काळीं पोलीस ठाणीं विरळ असत. रात्रीं राखण करी तो जागल्या. चोरी झाली म्हणजे जागल्यानें पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचें, व माग दुसऱ्या गांवांत शिरला कीं जबाबदारी त्या गांवाच्या माथीं पडावयाची, अशी महाराष्ट्रांतील खेड्यांची जुनी वहिवाट होती. चोर सांपडो न सांपडो, गांव जागें राही!

पुढें वतनें गेलीं. १९६७ च्या अधिनियमान्वयें पोलीस पाटील नेमले जाऊं लागले. परंतु एकटा मनुष्य किती पहारा करणार? म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमांत स्वयंसेवकांच्या ग्रामरक्षक दलाची सोय केलेली आहे. गस्त घालणें, संशय येतांच शिट्टी फुंकणें, ठाण्यास वर्दी देणें, एवढेंच या दलाचें काम. शिक्षा देणें नव्हे.

ही मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, तें १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें दिसलें. मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें पांच जणांस ठार मारिलें. ते निघाले भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी.

डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास सामान्य नागरिकही पकडूं शकतो. मात्र २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें त्यास विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवालीं केलें पाहिजे. आमच्या मतें गस्तीवरील तरुणास काठीपेक्षां विजेरी, शिट्टी व ११२ हा क्रमांक अधिक उपयोगी पडेल.